जन्माचा जमाखर्च

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. आणि परप्रांतातल्या एखाद्या खेड्यात नुकतीच पाऊल टाकू लागलेली मुलगी ज्या पैंजणांच्या नादाने स्वतःच दचकते, त्या पैंजणांचे मूळ शोधीत गेले तर ते पुष्कळदा हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या पंचक्रोशीतल्या कोणा घराच्या सोप्यात सापडते. चांदी आटवायची, तार ओढायची, कड्या वळायच्या, झाळायचे, घुंगरू बसवायचे, उजाळा द्यायचा, ही सारी कामे येथे घरोघर वाटलेली असून, त्यांतील किती तरी कामे स्वयंपाकपाणी उरकून बसणाऱ्या बायकांच्या हातून होतात. बारशाला बाळाच्या पायांत घालायचे वाळे, मनगटांतल्या मनगट्या, कमरेचा करगोटा, पुढे चालायला लागल्यावर छुमछुमणारे तोडे, असा जन्मलेल्या जिवाच्या स्वागताचा सगळा सरंजाम या गावात वजनावर तयार होतो, टंच पाहून विकला जातो आणि त्याची मजुरी पैपैशाने मोजून घेतली जाते.

ज्या गावाचा व्यवहार असा चोख हिशेबावर चालतो, त्या गावाचे निमित्त करून जन्माचाही जमाखर्च एकदा मांडून पाहण्यास हरकत नसावी. कारण आपल्या समाजात या खात्याइतके चुकीचे लिहिलेले खाते क्वचितच असेल. मूल झाले नाही, तर ते सुनेच्या नावे. मुलगी झाली, तर तीही सुनेच्या नावे. मूल अशक्त निघाले, तर सुनेच्या खाण्यापिण्याच्या नावे. आणि धडधाकट मुलगा झाला, की तो मात्र बिनचूक घराण्याच्या जमेस! हा दाखला केवळ हुपरीस लागू आहे असे कोणी समजू नये. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही हीच वही चालू आहे, भाषा काय ती सभ्य झाली आहे.

गर्भ कसा घडतो या प्रश्नाने आपल्या पूर्वजांना कमी छळले नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचा कोणता अवयव प्रथम निर्माण होतो यावर एक लहानशी विद्वत्सभाच भरलेली दिसते. शौनक म्हणतात डोके, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय, सुभूती गौतम म्हणतात मधला देह. आणि या सर्वांची मते ऐकून घेऊन धन्वंतरी निकाल देतात की, सर्व अवयव एकाच वेळी उत्पन्न होतात, मात्र अतिसूक्ष्मतेमुळे ते आपल्या दृष्टीस पडत नाहीत. सूक्ष्मदर्शकाचा मागमूस नसलेल्या काळात, केवळ अकाली गळून पडलेल्या गर्भांचे निरीक्षण आणि तर्क एवढ्या भांडवलावर चाललेला हा वाद वाचताना, त्या मंडळींच्या मतांपेक्षा त्यांच्या वाद घालण्याच्या रीतीचेच मला अधिक कौतुक वाटते. प्रत्येकाने आपल्या मताचे कारण दिले आहे. आजचे शास्त्र त्या सभेत येऊन बसते, तर त्याने आपले मत कृतवीर्य आणि धन्वंतरी यांच्यात वाटून दिले असते. कारण सर्व अवयवांची आखणी जवळजवळ एकाच सुमारास होत असली, तरी प्रत्यक्ष कामाला सर्वांआधी लागते ते हृदयच.

स्त्रीच्या बीजांडकोशातून महिन्यास बहुधा एक बीज सुटते. त्याचा व्यास मिलिमीटरच्या एक दशांशाहून किंचित अधिक असतो, म्हणजे तीक्ष्ण नजरेच्या कारागिरास ते सूक्ष्म कणासारखे नुसत्या डोळ्यांनीही कदाचित दिसावे. आणि त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. पुरुषाकडून येणारे शुक्राणू संख्येने कोट्यवधी असतात, परंतु गर्भनलिकेच्या ज्या रुंद भागात बीजाशी गाठ पडायची तेथवर त्यांतले काही शेकडेच पोहोचतात आणि आत प्रवेश मिळतो तो एकाला. तो आत शिरताच बीजाच्या आवरणात असा पालट होतो की, मागाहून आलेल्यांना दार बंद व्हावे. त्यानंतर सुमारे तीस तासांनी एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पाचव्या दिवशी आत द्रव भरलेली पेशींची पोकळ गोळी तयार होते आणि सहाव्या-सातव्या दिवशी ती गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागते. या सर्व काळात त्या बाईला कशाचाही पत्ता नसतो. फलनापासून बावीस-तेवीस दिवसांनी हृदयाची इवलीशी नळी आकुंचन पावू लागते, तेव्हा आईची पाळी चुकून फार तर आठवडा लोटलेला असतो, आणि घरातली वडीलधारी माणसे अजून बोटांवर दिवस मोजीत असतात.

नेमक्या याच अज्ञात दिवसांत एक फार मोठी गोष्ट घडून जाते. गर्भाच्या पाठीवर एक खोबण पडते, तिचे दोन्ही काठ वर उचलले जाऊन एकमेकांस भिडतात आणि त्यांची नळी बनते; हिच्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडायचे असतात. ही नळी फलनापासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटली पाहिजे. खालच्या अंगास मिटायची राहिली, तर मुलाच्या कण्यात कायमचे व्यंग राहते. वरच्या अंगास राहिली, तर ते मूल जगत नाही. फॉलिक आम्ल नावाचे एक साधे, स्वस्त जीवनसत्त्व गर्भ राहण्यापूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतल्यास या व्यंगाचे प्रमाण पुष्कळ घटते, हे आता निर्विवाद ठरले आहे. पण ‘गर्भ राहण्यापूर्वीपासून’ या शब्दांतच सारी अडचण आहे. कारण आपल्याकडे दिवस राहिल्याची खात्री झाल्यावर, आणि तीही पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात, दवाखान्याची पायरी चढण्याची वहिवाट असून, तोवर ज्या नळीसाठी ती गोळी घ्यायची ती मिटून तरी गेलेली असते किंवा उघडी तरी राहिलेली असते.

आठव्या आठवड्याअखेर गर्भ सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा होतो आणि बहुतेक सर्व अवयवांची मांडणी पुरी होते; येथून पुढे नवे घडण्यापेक्षा घडलेले वाढण्याचा आणि पक्के होण्याचा काळ. पाचव्या महिन्याच्या आगेमागे पोटात पहिली हालचाल जाणवते, पहिलटकरणीला थोडी उशिरा, अनुभवीला थोडी लवकर. खरे पाहता मूल त्याच्या कितीतरी आधीपासून हातपाय हलवीत असते, फक्त ते आईला कळण्याइतके जोरकस नसते. सहा महिने सरता सरता त्याला ऐकू येऊ लागते. तेव्हा त्याच्या जगात आईच्या रक्तप्रवाहाचा घोष, तिच्या आतड्यांची गुरगुर आणि तिचा आवाज असतो. आणि हुपरीच्या मुलाबाबत त्यात हातोडीच्या ठोक्यांचीही भर पडत असली पाहिजे. सर्वांत शेवटी सिद्ध होतात ती फुप्फुसे. त्यांतील सूक्ष्म वायुकोश श्वासागणिक चिकटून बसू नयेत म्हणून एक स्निग्ध द्रव्य पाझरावे लागते, आणि ते पुरेसे व्हायला आठवा महिना उजाडतो. म्हणून अकाली जन्मलेल्या मुलाची पहिली झुंज श्वासाशी असते. अकाली प्रसूतीचा संभव दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास मुलाची फुप्फुसे लवकर सिद्ध होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ मध्ये दाखवून दिले.

आता जमाखर्चाच्या मुख्य कलमाकडे वळू. मुलगा की मुलगी हे ठरते ते फलनाच्या त्या एका क्षणी, आणि ते ठरवतो शुक्राणू. बीजाकडे नेहमी एकाच प्रकारचे लिंगगुणसूत्र असते, एक्स. शुक्राणूंपैकी निम्म्यांकडे एक्स आणि निम्म्यांकडे वाय. एक्सवाला पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. यात बाईच्या खाण्यापिण्याचा, व्रतवैकल्यांचा, कुशीवर निजण्याचा किंवा भाग्यरेषेचा कसलाही संबंध नाही, आणि बाप्याच्याही इच्छेचा नाही. हे शाळेच्या पाठ्यपुस्तकात छापलेले असते, मुले ते पाठ करून गुण मिळवतात आणि पुढे संसारात पडल्यावर पहिली मुलगी झाली की बायकोकडेच पाहतात.

दुसरे एक कलम याहून विस्मयकारक आहे. मुलीच्या गर्भात, ती आईच्या पोटात पाच महिन्यांची असतानाच, तिच्या बीजांडकोशांत साठसत्तर लाख बीजपेशी तयार झालेल्या असतात. जन्मापर्यंत त्यांतल्या दहावीस लाख उरतात, वयात येईतो तीनचार लाख, आणि साऱ्या आयुष्यात त्यांतून फार तर चारपाचशे बीजे परिपक्व होऊन सुटतात. याचा अर्थ असा की, आज बारशाच्या पाळण्यात असलेले मूल ज्या बीजापासून झाले, ते बीज त्याची आई आजीच्या पोटात असतानाच घडले होते. घराण्याचा वंश फक्त बापाच्या नावाने मोजणाऱ्यांनी या हकिकतीचा विचार सवडीने करावा.

गर्भाचे पोषण होते ते वारेमार्फत. दिवस भरतेवेळी सुमारे अर्धा किलो भरणारी ही चकती आईच्या आणि मुलाच्या मध्ये बसलेली असते. दोघांचे रक्त तिच्यात एकमेकांच्या अगदी जवळून वाहते, पण मिसळत नाही. पातळ पडद्यापलीकडून प्राणवायू, साखर, क्षार, शेवटच्या महिन्यांत रोगप्रतिकारक द्रव्ये मुलाकडे जातात, आणि त्याचा त्याज्य भाग आईकडे येऊन तिच्या मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. मात्र हा पडदा फार भोळा आहे, चांगल्याबरोबर वाईटही तो जाऊ देतो. आपल्याकडे सकाळी मिश्री लावण्याची सवय बायकांत अजून आहे, आणि गरोदरपणीही ती सुटत नाही. ती तंबाखूच आहे. तिच्यातले निकोटीन वारेतून पलीकडे जाते, आणि तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची मुले वजनाने कमी भरतात, हे मुंबईतल्याच गरोदर स्त्रियांच्या पाहणीत आढळून आले आहे. जावेपासून सासूपर्यंत साऱ्या घरास एकत्र बसून मिश्री लावताना पाहिलेल्या सुनेला एकटीला ती सोड म्हणणे, हा उपदेशाचा फारच सोपा प्रकार झाला.

दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८०. हायडेलबर्गच्या नेगेले या प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने चालणारी रीत अशी की, त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवावेत. पण नेमक्या त्या तारखेस जन्मणारी मुले फार थोडी; दोन आठवडे अलीकडे-पलीकडे हा निसर्गाचा नेहमीचा व्यवहार आहे. कळा सुरू होऊन गर्भाशयाचे तोंड दहा सेंटिमीटरपर्यंत उघडावयास पहिलटकरणीला बारा तास आणि त्याहूनही अधिक लागतात. मग मूल बाहेर येते. आणि त्यानंतर वार. वार पडून गेल्यावर पाहणाऱ्यांना सुटल्यासारखे वाटते, पण जाणत्या माणसाने खरे सावध राहायचे ते याच घटकेस, कारण गर्भाशय नीट आवळले नाही तर काही मिनिटांत इतके रक्त जाते की दवाखान्याच्या वाटेवरच बाई हातची जावी. प्रसूत होताच ऑक्सिटोसिनचे एक इंजेक्शन दिल्याने हा धोका बराच टळतो. जुन्या सुइणींच्या हातात कौशल्य नव्हते असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आडवे मूल नुसत्या हाताने चाचपून ओळखणाऱ्या सुइणी गावोगाव होत्या. त्यांच्यापाशी नव्हती ती ही सुई, उकळलेली हत्यारे आणि रक्ताची बाटली. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाची सरासरी ९७ होती. यात कोणत्या एका योजनेपेक्षा बाळंतपणे घराच्या अंधाऱ्या खोलीतून दवाखान्यात आली, या साध्या गोष्टीचा वाटा अधिक मोठा आहे.

मुलाच्या बाजूने पाहिले तर जन्मासारखी क्रांती माणसाच्या आयुष्यात पुन्हा होत नाही. पोटात असताना फुप्फुसे निरुपयोगी होती, म्हणून हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक खिडकी ठेवलेली होती आणि फुप्फुसांना टाळून जाणारी एक आडवाटही होती. पहिला श्वास घेताच फुप्फुसांत रक्त धावते, दाब बदलतो, ती खिडकी मिटते, आणि आडवाट पुढच्या दोनतीन दिवसांत बंद होऊन जाते. मूल रडते म्हणून आपण हसतो, तेव्हा हे सारे चाललेले असते. त्यानंतरच्या पहिल्या तासातच त्याला अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर दूध, ज्याला आपल्या बायका चीक म्हणतात आणि पुष्कळ घरांत जे पिळून फेकून देऊन त्याऐवजी मुलाला मध चाटवीत, ते त्याचे पहिले संरक्षण असते.

येथे चांदीच्या गावकऱ्यांना आवडेल अशी एक हकिकत सांगितली पाहिजे. चांदी नायट्रिकच्या तेजाबात विरघळली म्हणजे जो क्षार हाती येतो, तो सिल्व्हर नायट्रेट. लाइपझिगच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास या क्षाराच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब नवजात मुलांच्या डोळ्यांत घालावयास आरंभ केला. जन्ममार्गातील परम्याच्या जंतूंनी त्या काळी अगणित मुले जन्मानंतर लवकरच आंधळी होत. क्रेडे यांच्या प्रसूतिगृहात डोळे येणाऱ्या मुलांचे प्रमाण दहांत एक होते, ते या एका थेंबाने शंभरांत एकाच्याही खाली आले. आता प्रतिजैविके आल्यामुळे तो थेंब मागे पडला आहे, परंतु कित्येक पिढ्यांची दृष्टी चांदीने राखली, हे खरेच.

कोल्हापूर दरबाराचे नाव या इतिहासात मानाने घ्यावे लागते ते एका नेमणुकीसाठी. डॉ. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि योग्य वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांचा होऊन गेला. त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय घडला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. आणि पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता, म्हणजे ज्या परंपरेतली सभा आपण वर पाहिली तिची कैफियत त्यांनी परक्या विद्वानांपुढे मांडली. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून नेमले. एकवीस वर्षांच्या हिंदू स्त्रीस असे पद देऊ करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण त्या परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि पदाची सूत्रे हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. ती जागा पुढे रिकामी राहिली नाही. शाहू छत्रपतींच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी त्याच इस्पितळात स्त्रियांची सेवा केली. आज हेच इस्पितळ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी सीपीआर, म्हणून ओळखले जाते आणि अडलेल्या बाळंतिणी जिल्हाभरातून तेथे येतात.

याच कोल्हापूरच्या वहीत एक काळे पान आहे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाने धातूतील चिरा शोधण्याचे एक यंत्र पाहिले. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात पोलादाच्या सांध्यांची परीक्षा ध्वनिलहरींनी करीत असत. लोखंडातली चीर दिसते, तर पोटातली गाठ का दिसू नये, या विचाराने त्याने केलेल्या प्रयोगांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि धातुकामाच्या पोटी सोनोग्राफीचा जन्म झाला. गर्भाची वाढ, वारेची जागा, जुळी मुले, अवयवांतील व्यंगे हे सारे तिच्यामुळे न चिरता दिसू लागले. आणि आपण तिला काय विचारले? मुलगा की मुलगी! गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या ८३९. ऊस, दूध, सहकार, शाहूंचा वारसा, सगळे असलेल्या सधन जिल्ह्याचा हा आकडा होता. दारिद्र्याने मुली मारल्या असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही. फीचे पैसे ज्यांच्यापाशी होते त्यांनीच हे केले. पुढे त्या वेळचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याची तजवीज केली. ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ या नावाने ते गाजले. त्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनेने केलेली तक्रार मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्या वर्षीच्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३ होता. सुधारणा झाली खरी, पण ज्या मुलखात देशभरच्या मुलींच्या पायांतली पैंजणे घडतात, तेथे हजारी एवढ्या मुली कमी असाव्यात, याची लाज वाटायला आकडेशास्त्र शिकावे लागत नाही.

ज्यांना मूलच होत नाही त्यांची गोष्ट वेगळी, आणि त्यांच्याबाबत आपली वही अधिकच निर्दय आहे. वंध्यत्वात पुरुषाकडील कारण एकट्याने वा स्त्रीच्या कारणाबरोबर मिळून जवळजवळ निम्म्या जोडप्यांत आढळते. पुरुषाची तपासणी अगदी सोपी, स्वस्त, एका सकाळची असते. स्त्रीच्या तपासण्या अनेक, खर्चाच्या आणि दुखवणाऱ्या. असे असता अगोदर तपासली जाते ती बायको; तिचे नवससायास, अंगारे, दोनतीन डॉक्टर आणि एखादी शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर नवरोबा प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यास राजी होतात. वृषणांना शरीराहून दोनतीन अंश कमी उष्णता लागते, म्हणूनच निसर्गाने त्यांना बाहेर ठेवले आहे. आणि तप्त भट्टीपाशी वर्षानुवर्षे बसून काम करणाऱ्या पुरुषांत शुक्राणू मंदावण्याचा संभव असतो, ही गोष्ट आटणीवर बसणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शरीराबाहेर फलन घडवून जन्मलेले जगातील पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले; एडवर्ड्स, स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांचे ते यश. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तुटपुंज्या साधनांवर तेच करून दाखवले. सरकारी समितीने त्यांचा दावा उडवून लावला, त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत केली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजननविज्ञान संस्थेचे डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली आणि सारे कागदोपत्री सिद्ध असलेले ते देशातील पहिले परीक्षानलिका-बालक ठरले. हा मान आनंदकुमारांना आयुष्यभर मिरवता आला असता. पण मुखोपाध्यायांची टिपणे हाती येताच त्यांनी ती बारकाईने तपासली आणि १९९७ मध्ये जाहीर केले की, पहिला मान आपला नव्हे, त्यांचा आहे. अशी दुरुस्ती स्वहस्ते करणारी माणसे शास्त्रातही दुर्मिळच.

या उपचाराची रीत सांगण्यास सोपी, सोसण्यास कठीण आहे. एरवी महिन्यास एक पिकणारे बीज एकाच वेळी अनेक पिकावे म्हणून स्त्रीला दहाबारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने देतात. सोनोग्राफीने वाढ पाहतात. शेवटच्या इंजेक्शनानंतर सुमारे छत्तीस तासांनी, थोडी भूल देऊन, सुईने बीजे काढून घेतात. ती बशीत शुक्राणूंच्या सहवासात ठेवतात; शुक्राणू फारच दुर्बळ असतील तर एकेक उचलून सुईने बीजात सोडतात, हे तंत्र ब्रुसेल्सला १९९२ मध्ये यशस्वी झाले. शरीराच्याच उष्णतेच्या कपाटात तीन ते पाच दिवस वाढलेला भ्रूण गर्भाशयात सोडायचा आणि दोन आठवडे वाट पाहायची. यश दर वेळी मिळत नाही, तरुणपणीही नाही. आणि स्वतःच्या बीजांनी ते मिळण्याची आशा चाळिशीनंतर फारच ओसरते. हमखास मूल, अशी जाहिरात करणाऱ्याच्या दारातून मागे फिरावे, हे उत्तम. आता गावोगाव अशी केंद्रे निघाली असून, शेत किंवा दागिने गहाण टाकून त्यांची फी भरणारी जोडपीही आहेत.

या व्यवहारास २०२१ च्या दोन कायद्यांनी शिस्त लावली. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे. बीजदान करणारी स्त्री आयुष्यात एकदाच ते करू शकते आणि तिच्याकडून सातांहून अधिक बीजे काढता येत नाहीत. दुसऱ्यासाठी गर्भ वाहणारीस वैद्यकीय खर्च व विमा यांखेरीज मोबदला घेता येत नाही. आणि हव्या त्या लिंगाचे मूल देऊ करणे हा गुन्हा आहे. बीज किंवा शुक्राणू परक्याचे असले तरी जन्मणारे मूल कायद्याने त्या दाम्पत्याचे स्वतःचेच अपत्य समजले जाते, वारसाचे सर्व हक्क त्याला मिळतात आणि दात्याचा त्याच्यावर कोणताही अधिकार उरत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना ‘हे खरे कोणाचे’ असा प्रश्न पडत असेल तर पडो; जन्मनोंदीच्या सरकारी नमुन्यात आईचा रकाना आहे, बापाचा आहे, प्रसूती कशी झाली याचाही आहे, गर्भ कसा राहिला हे विचारणारा मात्र नाही.